खालच्या बैठकीत वर्तुळ चालताना गुडघा दुखतो: किती खाली जायचं, आणि कधी?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४१, बसून करायची नोकरी. चौदा महिने बाग्वाजांग, म्हणजे वर्तुळावर चालत सराव करायची चिनी युद्धकला, शिकत आहेत. शिक्षक परदेशात, महिन्यातून दोनदा व्हिडिओवर भेट. चिनी ज्येष्ठ साधक मांडी जमिनीला समांतर ठेवून वर्तुळ चालताना पाहिले आणि गेले दोन महिने रोज २० मिनिटं तसंच चालायचा प्रयत्न केला. मांड्या पेटतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलंय, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना जास्त. विचारतात, ‘किती खाली जायला हवं? किती वेळ? आणि हे दुखणं साधनेचा भाग आहे का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. मांडीची आग साधनेचा भाग आहे, सांध्यातलं दुखणं नाही. या दोन्हींना आपण एकच ‘दुखणं’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. स्नायूची जळजळ मांडीभर पसरलेली असते, थांबलं की मिनिटाभरात ओसरते, दुसऱ्या दिवशी जड वाटतं इतकंच. सांध्याचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, चालताना कदाचित कमीच असतं आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना डोकं वर काढतं. तुम्ही जागा नेमकी सांगू शकलात, दिशाही सांगितलीत. म्हणजे हे दुसऱ्या प्रकारचं आहे. आजपासून खालची बैठक बंद करा. चालणं बंद करायची बहुधा गरज पडणार नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. मात्र गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा भार दिल्यावर दगा देत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्यात माझ्यासारखीने सल्ला देण्याचं काही नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय ‘किती खाली’. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे: खाली जाताना वाकतंय काय? खुबा, की गुडघा? उंची ठरवायची नसते, ती ठरते. खुबा, घोटा आणि मांडीची ताकद मिळून जितकी परवानगी देतात तितकं शरीर खाली जातं. त्यापलीकडे ढकललं की उरलेला हिशोब गुडघ्याला चुकवावा लागतो, कारण वर खुबा आणि खाली घोटा यांच्यामध्ये तोच एक बिचारा बिजागरीसारखा सांधा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे खालच्या चालीची जागा कळेल. ही कला दोंग हायच्वान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीजिंगमध्ये शिकवली. ते सू राजकुमाराच्या वाड्यात कामाला होते आणि १८८२ मध्ये वारले. त्यांच्याकडे आलेले बरेचसे शिष्य आधीच दुसऱ्या कशात तरी मुरलेले होते. यिन फू लोहान प्रकारची मुष्टिविद्या शिकून आले होते, तर चष्म्याचं दुकान चालवणारे चेंग थिंगह्वा कुस्तीगीर होते. दोंग प्रत्येकाला त्याच्या मूळ तयारीवर पुढचं शिकवत, असं परंपरेत सांगतात. म्हणूनच आज यिन परंपरेच्या अनेक गटांत पाऊल बरंचसं नैसर्गिक पडतं, आणि चेंग परंपरेच्या गटांत बसून, तळवा जमिनीलगत सरकवत चालणं जास्त दिसतं. चेंग यांचेच शिष्य सुन लुथांग, ज्यांचं बाग्वावरचं पुस्तक १९१६ मध्ये निघालं, त्यांच्या शैलीची बैठक तर उंचच म्हणून ओळखली जाते. एकाच घराण्यातली ही माणसं. उंचीवरून कोणाची साधना खोल आणि कोणाची उथळ हे ठरत असतं, तर यातल्या निम्म्यांना बाद करावं लागलं असतं.

परंपरेत चालीच्या तीन पातळ्या मानतात: वरची, मधली, खालची. चिनीत त्यांना थाळ्या म्हणतात. वरच्या थाळीत गुडघे जेमतेम सैल, जवळजवळ रोजच्या चालीची उंची. मधल्या थाळीत एखाद्या उंच स्टुलाच्या कडेला टेकल्यासारखं. खालच्या थाळीत मांडी जमिनीला जवळपास समांतर. ताइचीमध्येही असाच विचार आहे, आणि तिथे तर मेजाखालून चालत सराव करणाऱ्या जुन्या गुरूंच्या कथा ऐकायला मिळतात. त्या कथांनी माझ्यासारख्या कित्येकांचे गुडघे बिघडवलेत. कथा खरी मानली तरी ती लहानपणापासून रोज कित्येक तास सराव करणाऱ्यांची आहे, आणि त्यांच्या त्या अवस्थेआधीची दहा वर्षं कथेत येत नाहीत.

मी बीजिंगमध्ये नोकरीनिमित्त सहा वर्षं होते. स्वर्गमंदिराच्या बागेत सकाळी जुन्या सुरूच्या झाडांखाली चालणारे लोक पाहूनच मी याकडे वळले. तिथे झाडांभोवती जमीन गोल तुडवलेली दिसते, वर्षानुवर्षं त्याच वाटेवर पाय पडून. त्या वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती, पण तिचा अर्थ फार उशिरा कळला. जे सत्तरीचे होते ते बहुतेक वेळ वरच्या किंवा मधल्या थाळीत चालायचे. दोन फेऱ्या खाली जायचे, पुन्हा वर यायचे. सलग वीस मिनिटं खाली चालायचो ते आम्ही, तिशीतले, दोन-तीन वर्षं शिकलेले. तिसऱ्या वर्षी माझा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे मांडी घालून बसता येईना, बागेपर्यंतचा भुयारी मार्ग उतरता येईना. सात महिने वर्तुळ बंद होतं. माझे शिक्षक रागावले नाहीत. त्यांनी मला एका झाडापाशी उभं केलं, एक पाय पुढे सरकवायला सांगितला आणि मध्येच ‘थांब’ म्हणाले. मला थांबता आलं नाही, मी पुढच्या पायावर पडलेच. मग म्हणाले, तीन वर्षं तू चालत नाहीयेस, पडतेयस, आणि गुडघा तुला दर वेळी झेलतोय.

ही ‘थांब’ची कसोटी मी आजही सगळ्यांना सगळ्यात आधी देते, तुम्हीही घ्या. चिखलात चालल्यासारखी चाल, तांग-नी-बू, हिचा गाभा असा की सगळा भार मागच्या पायावर असताना पुढचा तळवा जमिनीला समांतर, अगदी लगत सरकत पुढे जातो. टाच आधी नाही, चवडा आधी नाही, पूर्ण तळवा एकदम टेकतो. टेकल्यावर मग भार पुढे जातो. मागचा पाय निघताना घोट्याजवळून घासून जातो. पावसाळ्यात भाताच्या खाचरातून चालताना आपण जसं आधी चाचपतो आणि तळ लागला की मग अंग टाकतो, तसंच. ही उपमा मला आमच्या कोकणातल्या शेतावर सुचली, आणि नवीन आलेल्यांना ती चटकन कळते. आता कोणीतरी टाळी वाजवावी आणि तुम्ही जिथे असाल तिथे थांबावं. पुढचा तळवा हवेत असेल तर तो हवेतच राहिला पाहिजे, तीन सेकंद, डोकं न हलता. तो खाली पडला, तर त्या उंचीवर तुम्ही चालत नाही, पडता. दोन बोटं वर या आणि पुन्हा करा. ज्या उंचीवर दहापैकी नऊ वेळा थांबता येतं ती तुमची आजची उंची. तुमच्या लिहिण्यावरून माझा अंदाज आहे की ती मधल्या थाळीच्याही थोडी वर असेल. त्यात कमीपणा काही नाही, बसून नोकरी करणाऱ्या बहुतेकांची तिथेच असते.

आता तुमच्या डाव्या गुडघ्याकडे येते, कारण तुम्ही दिशा सांगितलीत हे फार बरं केलंत. घड्याळाच्या दिशेने फिरताना वर्तुळाचा मध्य तुमच्या उजव्या हाताला असतो. उजवा पाय आतला, डावा बाहेरचा. आतला पाय साधारण सरळ पडतो, बाहेरचा पाय बोटं आत वळवून पडतो. या वळवलेल्या पावलाला कौ-बू म्हणतात, म्हणजे आकड्यासारखं आत घेतलेलं पाऊल. वर्तुळ वळतं ते मुख्यतः याच पावलामुळे. म्हणजे तुमच्या दुखऱ्या दिशेत वळण्याचं काम दर वेळी डावा पायच करतोय.

हे वळण कुठून यायला हवं? खुब्यातून. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत फिरलं की मांडी, गुडघा, नडगी, पाऊल सगळं एकत्र वळतं, गुडघ्याला पत्ताही लागत नाही. खुबा फिरला नाही तर दोनपैकी एक चूक होते. एक, नडगीपासून खालचा भाग पिळून पाऊल आत नेलं जातं. वाकलेल्या गुडघ्यात नडगी थोडी फिरते, त्यामुळे हे जमतं, म्हणून लक्षात येत नाही. दोन, पाऊल पुरेसं न वळवताच टेकवलं जातं, त्यावर भार येतो, आणि मग अंग वर्तुळाबरोबर उजवीकडे वळतं तेव्हा गुडघा पावलाच्या अंगठ्याच्याही आत पडतो. दुसरी चूक शिकणाऱ्यांत खूप जास्त दिसते, आणि आतल्या बाजूचं दुखणं तिच्याशी चांगलं जुळतं. बघितल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. फोन समोर जमिनीवर ठेवून पाच फेऱ्यांचं चित्रण करा, डावा पाय टेकल्यावर गुडघ्याची वाटी कुठे बघतेय ते पाहा. ती पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी.

यात खाली बसण्याचा संबंध काय? तोच तर आहे. खुर्चीवर बसून मांडी जितकी पोटाकडे घ्याल तितकी खुब्याची आत वळण्याची जागा बहुतेकांत कमी होत जाते. खोल घडीत हाडाला हाड लागायला येतं. म्हणजे तुम्ही खाली जाता तेव्हा खुब्याकडून नेमकी तीच हालचाल मागता जी त्या घडीत त्याच्याकडे सगळ्यात कमी शिल्लक आहे. खुबा नाही म्हणतो, वर्तुळ तर वळायचंच आहे, मग गुडघा पिळला जातो. वरच्या थाळीत हीच माणसं तासभर चालतात आणि काही होत नाही.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो आधी सांगितला तर कोणी मानत नाही. वर्तुळ मोठं करा. आठ पावलांचं वर्तुळ प्रसिद्ध आहे, पण हिशोब बघा: ३६० अंश आठ पावलांत, म्हणजे दोन पावलांच्या एका जोडीत ९० अंश, आणि त्यातला बराचसा वाटा बाहेरच्या पायाचा. तेच वर्तुळ सोळा पावलांचं केलं की जोडीमागे ४५ अंश उरतात. पिळा निम्म्यावर येतो. तुमचं पाऊल ४५ सेंटिमीटरचं धरलं तर आठ पावलांच्या वर्तुळाचा व्यास साधारण १.१५ मीटर आणि सोळा पावलांचा २.३ मीटर. दिवाणखान्यातला सोफा सरकवला की एवढी जागा निघते. नाहीतर गच्ची आहे. माझा नियम असा: जितकं खाली, तितकं वर्तुळ मोठं. छोटं वर्तुळ वरच्या थाळीसाठी. दोन्ही एकदम, म्हणजे खाली आणि छोटं, हे मी स्वतः आठवड्यातून फार तर एकदा करते, तेही काही फेऱ्याच.

भाराबद्दलही एक गोष्ट समजून घ्या. वाटी आणि मांडीच्या हाडामध्ये जो दाब येतो तो गुडघा वाकेल तसा झपाट्याने वाढतो. जीवयांत्रिकीत गेली अनेक दशकं वापरले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत: सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिना चढउतार करताना तिपटीच्या आसपास, खोल बैठकीत सातपटीच्या पुढे. सत्तर किलोच्या माणसाला लावून बघा: ३५ किलो, दोनशेच्या वर, आणि जवळजवळ पाचशे. खालच्या थाळीत तुम्ही हा भार एकेका पायावर, सावकाश, शेकडो वेळा देत असता. स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतो. स्नायूबंध आणि कूर्चा त्याहून कितीतरी सावकाश तयार होतात, त्यांना रक्तपुरवठाच कमी. म्हणून दोन महिन्यांनी मांडी ‘आणखी खाली चल’ म्हणते आणि गुडघ्याची तयारी तेव्हा सुरू झालेली असते. सगळ्यांत जास्त दुखापती मी याच टप्प्यावर पाहिल्यात, दुसऱ्या आणि चौथ्या महिन्याच्या मध्ये. तुम्ही नेमके तिथेच आहात.

‘पण आपल्याला तर उकिडवं बसायची सवय आहे’ असं मला पुण्यातल्या वर्गात हमखास ऐकायला मिळतं. ज्यांची सवय खरोखर टिकून आहे त्यांना घोट्यात फायदा होतो, टाच न उचलता नडगी पुढे झुकते, हे खरं. पण उकिडवं बसणं म्हणजे तळाशी जाऊन विसावणं. पोटरीवर मांडी टेकते आणि स्नायू सुटतात. खालच्या चालीत तुम्ही मध्येच लटकलेले असता, विसावायला काही नाही, आणि भार एकाच पायावर. तसंच आखाड्यातल्या बैठकांचं. त्यात टाच उचलली जाते, गुडघा बोटांच्या पुढे जातो, आणि पैलवानाला त्याची गरज असते. तांग-नी-बूमध्ये टाच कधीच सुटत नाही. दोन्ही करायला हरकत नाही. एकाच दिवशी करू नका इतकंच.

मग खुबा वाकतोय हे कसं ओळखायचं? चिनी शब्द आहे ‘ख्वा’, आणि त्यावर शिकणारे वर्षानुवर्षं डोकं फोडतात. आपल्याकडे त्यासाठी सरळ शब्द आहे: जांघेची घडी. दोन्ही हातांची बोटं जांघेत, मांडी ओटीपोटाला जुळते तिथे, आडवी ठेवा आणि खाली बसायला लागा. बोटं घडीत चिमटली पाहिजेत. चिमटली नाहीत आणि गुडघे पुढे सरकले, तर खाली जाणं गुडघ्यातून होतंय. माकडहाड खाली लोंबू द्या, पण मुद्दाम पुढे ढकलू नका. ‘शेपूट आत’ ही सूचना अर्धवट ऐकून लोक कंबर सपाट करून कुल्हे आवळतात, मग घडीच बंद होते आणि खुब्याचं वळणंही. हे मी विशेष कळकळीने लिहितेय, कारण व्हिडिओवर शिकताना शिक्षकाला तुमची घडी दिसत नाही. सैल कपड्यांत तर अजिबात नाही. पुढच्या भेटीला आखूड चड्डी घालून बाजूने चित्रण दाखवा, संकोच करू नका.

वेळेचं सगळ्यांना एकच माप देता येत नाही. वय, वजन, आधीच्या दुखापती, झोप, दिवसभर उभं राहावं लागतं की बसावं लागतं, यावर बरंच अवलंबून आहे. पंचविशीतला कबड्डीपटू आणि साठीची गृहिणी दोघंही माझ्याकडे चालतात, दोघांची मात्रा वेगळी. तुमच्या वयाच्या, तुमच्यासारखी नोकरी असलेल्या माणसाला मी साधारण असं देते. एकूण अर्धा तास. पहिली दहा मिनिटं वरच्या थाळीत, सोळा पावलांच्या वर्तुळावर, दर काही फेऱ्यांनी दिशा बदलत. पुढची दहा मधल्या थाळीत. गुडघा ठीक असेल तर आणि तरच, आठवड्यातून तीन दिवस, या दहा मिनिटांत दोन्ही दिशांना दोन-दोन फेऱ्या आजच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली. शेवटची दहा पुन्हा वर. पंधरा दिवसांनी एक फेरी वाढवायची, उंची नाही. फेऱ्या आठपर्यंत पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काही जाणवलं नाही, की मग दोन बोटं आणखी खाली, आणि फेऱ्या परत दोनवर. या वेगाने खरी खालची थाळी यायला दीड-दोन वर्षं लागतात. काहींना ती येतच नाही, कारण त्यांच्या खुब्याची खोबणच तशी घडलेली असते. त्यांची साधना मधल्या थाळीत पूर्ण होऊ शकते, हे मी मनापासून सांगते.

तुम्हाला वाटेल, इतकं जपायचं तर खाली जायचंच कशाला? कारणं आहेत, आणि ती मला फार मोलाची वाटतात. खाली असताना भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं लपवता येत नाही. वर चालताना शरीर थोडं डोलतं, थोडं फेकलं जातं आणि चालून जातं. खाली प्रत्येक फट दिसते. ज्या दिवशी मला खालच्या थाळीत डोकं एका पातळीत ठेवून आठ पावलं सलग टाकता आली, त्या दिवसानंतर माझी वरची चाल बदलली. पाय आवाज करेनासे झाले. कोणी हात धरून ओढलं तर आधी घडी बसू लागली, मग पाय हलू लागला. पूर्वी खांदे आधी ताठ व्हायचे. लढण्याच्या दृष्टीने पाहिलं तर समोरच्याच्या गुरुत्वमध्याखाली शिरायला, त्याच्या पायामागे आपला पाय आकड्यासारखा घालायला खाली जाता यायलाच हवं, आणि जमिनीलगत सरकणारं पाऊल म्हणजे समोरच्याचा घोटा सापडला तर लगेच उडवता येणारं पाऊल. चेंग कुस्तीगीर होते हे इथे आठवावं. पण हे सगळं ‘जाता येणं’ आहे, तिथे राहणं नाही. खालून वर आणि वरून खाली हवं तेव्हा, न धडपडता.

ताइचीतलं जुनं सूत्र आहे, पाऊल मांजरीच्या चालीसारखं टाकावं. आमच्या सोसायटीतली मांजर कुंपणाच्या भिंतीवरून चालते तेव्हा मी तिच्या खांद्यांकडे बघत राहते. ती शिकारीआधी खाली होते. एरवी तिचे पाय सरळच असतात.

आतापर्यंतचं एकत्र धरून ठेवायचं तर तीन गोष्टी: उंची ‘थांब’च्या कसोटीने ठरवा, खाली जाल तेव्हा वर्तुळ मोठं करा, आणि वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. बाकीचं त्याभोवती बसतं.

श्वासाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. खाली गेल्यावर श्वास छातीत चढला, खांदे उचलले गेले, तर त्या फेरीचा उपयोग संपला. मी चालताना मधूनच शिकणाऱ्याला साधा प्रश्न विचारते, आज डब्यात काय आणलंय. पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं नाही तर वर यायचं. हातांची रचनाही सुरुवातीला साधी ठेवा. दोन्ही तळवे खाली दाबलेले, बोटं आत, कोपर सैल; अनेक गटांत हातांच्या आठ स्थिर रचनांतला हा पहिला, आणि खांदे खाली आणायला याहून चांगला हात मला माहीत नाही. मध्याकडे कंबर पिळून बघण्याचे हात गुडघा बरा होईपर्यंत थांबवा. त्यात खालचं अंग एकीकडे आणि वरचं दुसरीकडे जातं, आणि खुबा अडकलेला असेल तर तोही पिळा गुडघ्यातच उतरतो.

जमीन आणि पादत्राणं यांनीही बराच फरक पडतो. चिकट रबरी तळाचे धावायचे बूट घालून तांग-नी-बू करू नका. तळवा सरकत नाही, वळताना पाऊल जमिनीला धरून ठेवतं आणि गुडघा फिरतो. पातळ, सपाट, थोडा घसरणारा तळ हवा. कापडी तळाचे बूट मिळाले तर उत्तम, नाहीतर घरात सुती मोजे चालतात. मात्र गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खाली जाऊ नका, आणि पावसाळ्यात ओल्या गच्चीवर तर नकोच. कोब्याची किंवा शहाबादी फरशीची जमीन मला सगळ्यात आवडते.

आता उद्या सकाळी काय करायचं ते. पुढचे तीन आठवडे फक्त वरची थाळी, सोळा पावलं, रोज पंधरा ते वीस मिनिटं. दुखऱ्या दिशेने निम्म्या फेऱ्या. तेवढ्यानेही दुखत असेल तर वर्तुळ सोडून सरळ रेषेत तांग-नी-बू करा, घराच्या बोळात, दहा पावलं जायचं आणि सावकाश फिरून परत यायचं. सरळ रेषेत कौ-बू नसतो, त्यामुळे पिळा जातो आणि भार देण्याचा सराव चालू राहतो. जोडीला दोन गोष्टी. पाठीवर झोपून, डावा गुडघा ९० अंशांत उचलून, मांडी स्थिर धरून पाऊल हळूच बाहेर न्यायचं, म्हणजे मांडीचं हाड खोबणीत आत फिरतं. दोन्ही बाजूंना दहा वेळा, जोर न लावता. डावीकडे ते उजवीपेक्षा बरंच कमी जात असेल तर आपल्याला कारण सापडलं. दुसरी, उंच खुर्चीवरून एका पायावर सावकाश उठणं-बसणं, आधी उशी ठेवून उंची वाढवलेल्या खुर्चीवरून, वाटी दुसऱ्या बोटावर ठेवून, पाच-पाच वेळा. यात गुडघ्याच्या आत दुखलं तर तेही थांबवा.

तीन आठवड्यांनी जिना उतरताना काहीच जाणवलं नाही, तर ‘थांब’ची कसोटी पुन्हा घ्या आणि तिथून मधली थाळी सुरू करा. दुखणं तसंच असेल तर आणखी वाट न बघता तपासून घ्या. आणि ते पाठीवर झोपून करायचं उद्या करून बघितलंत की डावं-उजवं किती फरक आहे ते इथे लिहा. चित्रणात वाटी कुठे पडतेय तेही. मी पाहीन आणि पुढचं सांगेन.